जुळवलेली रीडिंग : रोजनिशीतील पाने

मंगळवार, १८ जून २०२४

यंदापासून संलग्न महाविद्यालयांतही प्रथम वर्षाला नवं शैक्षणिक धोरण. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, आयकेएस... वेळापत्रकाचा कागद पुरेना. सकाळी प्राचार्यांनी विभागप्रमुखांना बोलावून प्रत्येक पेपरचे कोर्स आउटकम महिनाअखेर मागितले. विभागात परत आल्यावर एक सहकारी म्हणाले, "मागच्या वर्षीचे आहेत की मॅडम. पेपरचं नाव बदललं की झालं."

मागच्या वर्षीची फाइल काढली. प्रात्यक्षिकाच्या पेपरचं अटेनमेंट, म्हणजे निष्पत्ती गाठल्याची पातळी, ३ पैकी ३. पहिल्या वर्षाला ३, दुसऱ्याला ३, तिसऱ्यालाही ३. आणि याच मार्चमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिडचं २५० मिलि द्रावण करायला सांगितलं, तेव्हा निम्मा वर्ग किती ग्रॅम घ्यायचं ते शेजारच्याला विचारत होता. इक्विव्हॅलंट वेट ६३, त्याचा दहावा भाग, त्याचा पाव : १.५७५ ग्रॅम. एवढंच गणित. मुलं मंद नाहीत. बारावी सायन्सला चांगले गुण घेऊन आलेली आहेत. मग फाइलीत ३ आणि ओट्यावर हे, असं का? यंदा याचा छडा लावायचा.

मंगळवार, २ जुलै

आयक्यूएसी, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्षातर्फे सीओ-पीओ मॅपिंगची कार्यशाळा : कोर्स आउटकम प्रोग्रॅम आउटकमशी जोडायचे. पाहुण्यांनी ब्लूमचा त्रिकोण दाखवला : स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, सर्जन. मग क्रियापदांची यादी वाटली. यादीतलं क्रियापद उचलायचं, त्यापुढे धड्याचं नाव लिहायचं, की सीओ तयार. दुपारच्या चहापर्यंत सगळ्या विभागांचे सहा-सहा सीओ तयार झाले होते. हा वेग पाहून मला अस्वस्थ वाटलं.

घरी येऊन ब्लूमबद्दलचं जुनं वाचन पुन्हा चाळलं. हे वर्गीकरण १९५६ चं. आपण वापरतो तो सहा पायऱ्यांचा सुधारित क्रम अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी २००१ मध्ये मांडला. पण सुरुवात १९४८ ची, बोस्टनची. मानसशास्त्राच्या अधिवेशनाला जमलेले विद्यापीठांचे परीक्षक एकत्र बसले. त्यांची अडचण साधी होती. प्रत्येक विद्यापीठ आपापले प्रश्न काढतं, ते एकमेकांना द्यायचे-घ्यायचे तर कोणता प्रश्न नेमकं काय तपासतो हे सांगणारी एक समान भाषा हवी. ब्लूम स्वतः शिकागो विद्यापीठात परीक्षांचंच काम पाहत. म्हणजे हा त्रिकोण प्रश्नपत्रिकेच्या टेबलावर जन्मला. आपण मात्र तो अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर छापतो आणि प्रश्नपत्रिका काढताना विसरतो.

हेच ब्लूम १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात आले होते. परीक्षा सुधारणेवर त्यांनी इथे कार्यशाळा घेतल्या, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणातल्या मूल्यमापनावर त्यांच्या मार्गदर्शनाखाली चर्चासत्रंही भरवली. इतकी वर्षं झाली. आजच्या कार्यशाळेत 'प्रश्न कसा बदलायचा' यावर एक तासही ठेवला नव्हता, याचं मनापासून वाईट वाटलं.

शनिवार, २० जुलै

प्रथम वर्षाचं पहिलं प्रात्यक्षिक. ६८ मुलं, तीन बॅचेस. बहुतेक जण एसटीने येतात. सव्वादहाची गाडी चुकली की अर्धी बॅच गळते. पहिला तास ब्युरेट धुण्यात आणि स्टँडला लावण्यात गेला.

सीओ काय लिहायचा हे आज ओट्यापाशी उभं राहूनच ठरवलं. फाइलीतलं जुनं वाक्य : 'विद्यार्थ्यांना आकारमानी विश्लेषणाची तत्त्वे समजतील.' हे मी बघणार कसं आणि कुठे? नवं वाक्य लिहिलं : 'तीव्रता माहीत नसलेलं आम्ल किंवा अल्कली दिलं, तर विद्यार्थी कुणालाही न विचारता त्याची तीव्रता काढील, घेतलेली रीडिंग जशीच्या तशी नोंदवील आणि उत्तरावर किती भरवसा ठेवायचा ते सांगेल.' वाक्य लांब आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट मला समोर उभं राहून पाहता येते.

सहकारी म्हणाले, "शेवटचं पहिल्या वर्षाला झेपायचं नाही." झेपेल. घरात दूध नासलंय का हे ठरवणारी मुलगी पुराव्यावर भरवसा ठेवायचा की नाही हे रोजच ठरवत असते.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

सोडियम हायड्रॉक्साइडचं प्रमाणीकरण. फ्लास्कमध्ये १० मिलि ऑक्झॅलिक ॲसिड, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, ब्युरेटमध्ये अल्कली. दोन्ही द्रावणं ०.१ नॉर्मल असली तर रीडिंग दहाच्या आसपास येतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण सीनियरचं जर्नल हातोहात फिरतं. म्हणून काल संध्याकाळी लॅबमधल्या मामांना सांगून तिसऱ्या बॅचची अल्कली ०.०८ नॉर्मलची करून ठेवली होती. रीडिंग साडेबाराच्या जवळ यायला हवं.

चार मुलांच्या जर्नलमध्ये १०.०, १०.०, १०.०.

त्यातल्या एका मुलाच्या बाजूला मी सुरुवातीपासून उभी होते. त्याने टायट्रेशन व्यवस्थित केलं. कॉक डाव्या हाताने, फ्लास्क उजव्या हाताने, शेवटी थेंब थेंब. फिका गुलाबी आला तसा थांबला. डोळा पातळीला आणून खालचा मेनिस्कस वाचला, कागदावर १२.४ लिहिलं. शेजारच्या मुलीकडे पाहिलं. १२.४ खोडलं, १०.० लिहिलं. दुसरं आणि तिसरं रीडिंग घेतलंच नाही, नुसतं लिहिलं.

मी विचारलं, "का रे खोडलंस?" तो म्हणाला, "मॅडम, माझं चुकलं होतं. उत्तर दहा यायला पाहिजे ना."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याचे हात बरोबर होते, डोळे बरोबर होते. आलेलं रीडिंग जुळवायचं असतं, हे त्याला शाळेपासून शिकवलं गेलंय. आणि जुळलेल्या रीडिंगला आपण पूर्ण गुण देतो. फाइलीतले ३ कुठून येतात ते आज दिसलं.

गुरुवार, २९ ऑगस्ट

अटेनमेंटचा हिशेब कसा होतो तो विभागात नीट मांडला. पेपरला ५० गुण. ३० किंवा जास्त मिळवणारी मुलं वर्गात ५० टक्के असली तर पातळी १, ६० टक्के असली तर २, ७० टक्के किंवा त्यापुढे ३. पण हे ५० गुण कशाचे? जर्नल पूर्ण केल्याचे, हजेरीचे, तोंडी परीक्षेचे, प्रयोगाचे. मुलीने सुवाच्य अक्षरात जर्नल लिहिलं आणि एकही तास चुकवला नाही, तर ब्युरेटला हात न लावताही ती तिशीच्या जवळ पोचते. मग त्या तिसातून 'तीव्रता काढता येते' हा निष्कर्ष कसा काढायचा?

जर्नलला आणि हजेरीला गुण असावेतच. नियमितपणा ही मोलाची गोष्ट आहे. पण एकूण गुण म्हणजे अनेक गोष्टींची बेरीज आणि निष्पत्ती म्हणजे त्यातली एकच गोष्ट. बेरजेतून ती परत काढता येत नाही. ती वेगळी पाहावी लागते, वेगळी नोंदवावी लागते. हे म्हटल्यावर विभागात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग सहकाऱ्यांनीच विचारलं, "वेगळं म्हणजे गुणांच्या बाहेर?" हो. निदान सुरुवातीला गुणांच्या बाहेर. शेजारच्या महाविद्यालयात पन्नासपैकी पंचेचाळीस सरसकट मिळत असताना आपल्या मुलांनी प्रामाणिक रीडिंग लिहिल्याबद्दल तीस घ्यावेत, हा अन्याय मी करणार नाही.

सोमवार, २३ सप्टेंबर

गणपती, पितृपक्ष, अंतर्गत चाचण्या. एवढ्यात चार ओळींचा तक्ता तयार झाला. तयारी आणि गणित, हाताळणी, नोंद, निष्कर्ष. प्रत्येकाला शून्य ते तीन. शून्य म्हणजे काय, एक म्हणजे काय, हे शब्दांत लिहिलं. नाहीतर माझे दोन आणि सहकाऱ्यांचे दोन वेगळे व्हायचे. 'नोंद' या ओळीत तीन केव्हा? सगळी रीडिंग शाईने, खोडलेलं असेल तर वाचता येईल असं खोडलेलं आणि शेजारी कारण. रीडिंग एकमेकांशी जुळतात का, हे या ओळीत पाहायचंच नाही.

आम्ही दोघांनी एकाच बॅचला स्वतंत्र आकडे दिले आणि मग ताडून पाहिले. हाताळणीत फारसा फरक नव्हता. निष्कर्षात बराच होता. ती ओळ पुन्हा लिहिली.

शनिवार, ५ ऑक्टोबर

आज तपासणी. बाजारातलं व्हिनेगर आणलं, वेगवेगळ्या दुकानांतून, लेबलं काढली. दहा मिलि घेऊन शंभर मिलिपर्यंत पातळ करायचं, त्यातलं दहा मिलि फ्लास्कमध्ये. टक्केवारी काढा, एवढंच सांगितलं. पद्धत फळ्यावर लिहिली नाही. जर्नल बंद. चार टक्क्यांचं व्हिनेगर असेल तर ०.१ नॉर्मल अल्कलीचं रीडिंग ६.७ च्या आसपास. पण कुणाच्या बाटलीत किती टक्के, हे मुलांना माहीत नाही आणि शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही.

पहिली वीस मिनिटं लॅबमध्ये जी शांतता होती ती मी कधी अनुभवली नव्हती. एकीने पिपेट हातात घेऊन परत ठेवलं आणि वहीच्या मागच्या पानावर समीकरण लिहीत बसली. एकाने अल्कलीची नेमकी नॉर्मॅलिटी विचारली. ती बाटलीवर मुद्दामच लिहिली नव्हती. "आधी ती काढावी लागेल का?" असं स्वतःशीच म्हणत त्याने ऑक्झॅलिक ॲसिडची बाटली ओढली. मला वाटलं, वर्षभराचं शिकवणं या एका हालचालीत आलं. अल्कली हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढते, तिच्या वजनावर भरवसा ठेवता येत नाही, हे वाक्य सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. त्याने ते वापरलं.

तपासणीनंतर तक्ता भरला. साठ टक्क्यांच्या वर ३७ मुलं. ६८ पैकी ३७ म्हणजे ५४ टक्के. पातळी १.

हा आकडा कमी आहे, पण यातल्या प्रत्येक मुलाला मी काम करताना पाहिलंय. शिवाय तो काहीतरी सांगतो. हाताळणीत वर्ग चांगला आहे. गणितात अडतो. निष्कर्षाच्या ओळीत बहुतेकांचं शून्य. म्हणजे पुढच्या सत्रात वेळ कुठे द्यायचा ते ठरलं. एवढ्या वर्षांतल्या त्या ३ ने मला असं कधीच काही सांगितलं नव्हतं.

रविवार, ३ नोव्हेंबर

भाऊबीज. धाकटा भाऊ अभियांत्रिकीला शिकवतो, त्यामुळे ओवाळून झाल्यावर गप्पा तिथेच वळल्या. त्यांच्याकडे हे सगळं आमच्या आधीपासून. वॉशिंग्टन करार १९८९ चा. एका देशाची अभियांत्रिकी पदवी दुसऱ्याने समकक्ष मानावी म्हणून. भारत २०१४ मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला, आणि अट हीच : काय शिकवलं यापेक्षा पदवीधराला काय येतं ते दाखवा. तेव्हापासून एनबीएचे, म्हणजे मूल्यांकन मंडळाचे, बारा पीओ त्यांना तोंडपाठ.

"ताई, आमच्याकडे मॅपिंगचं सॉफ्टवेअर आहे," तो म्हणाला. "प्रश्नावर सीओचा नंबर टाकला की अटेनमेंट आपोआप." मी विचारलं, प्रश्न बदलले का? तो थोडा थांबला. म्हणाला, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये बदललं. आता प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला प्रत्येक मुलाला त्याने स्वतः केलेला भाग उलगडून दाखवावा लागतो, आणि विकत आणलेले प्रोजेक्ट लगेच उघडे पडतात. तेवढं ऐकून बरं वाटलं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान उद्या. अर्धा स्टाफ इलेक्शन ड्यूटीवर. प्रात्यक्षिकं बंद.

शनिवार, ७ डिसेंबर

साखर कारखान्याचा हंगाम सुरू झालाय. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना घेऊन कारखान्याची लॅब पाहायला गेलो. आमचाच एक माजी विद्यार्थी तिथे शिफ्टला असतो. रसाचा नमुना येतो, ब्रिक्स बघायचं, पोल बघायचं, दोन्हींवरून प्युरिटी. ब्रिक्स २० आणि पोल १६ आलं तर प्युरिटी ८०. रात्रंदिवस हेच, आणि त्या आकड्यांवर पुढे पॅनवर काय करायचं ते ठरतं.

मी त्याला विचारलं, कॉलेजातलं इथे काय उपयोगी पडलं? तो म्हणाला, "हात बसलेला होता मॅडम, ते कामाला आलं. पण पहिल्या महिन्यात चीफ केमिस्ट साहेबांनी माझं रजिस्टर बघितलं आणि म्हणाले, तुझे आकडे फार सारखे येतात, खरंच घेतोस ना? रस दर तासाला बदलतो, आकडा कसा बदलत नाही?" त्याने रजिस्टर उघडून दाखवलं. आता प्रत्येक रकान्याच्या कडेला बारीक अक्षरात शेरे आहेत. 'मिल बंद २० मि.' 'नमुना उशिरा.'

हे शेरे लिहायला त्याला कारखान्याने शिकवलं. तिसऱ्या वर्षाची मुलं त्याच्या खांद्यावरून वाकून ते रजिस्टर वाचत होती. मी काहीच बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती. परत येताना बसमध्ये मुलांनीच विचारलं की आपल्या जर्नलला असा शेऱ्याचा रकाना का नाही. सोमवारपासून आहे.

गुरुवार, ३० जानेवारी २०२५

परवा 'असर'चा २०२४ चा अहवाल आला. जाऊबाई जिल्हा परिषद शाळेत आहेत, त्यामुळे घरात त्यावर बोलणं झालंच. टक्क्यांवर वाद घालत बसण्यापेक्षा मला त्यांची पद्धत पाहावीशी वाटते. 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून हे सर्वेक्षण चालवलंय. घरी जायचं, मुलाशेजारी बसायचं, एक कागद पुढे ठेवायचा : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठपर्यंत वाचतं तेवढंच नोंदवायचं. कोणत्या शाळेत, कोणत्या इयत्तेत, किती गुण, याने त्या कागदावर फरक पडत नाही.

जाऊबाईंना म्हटलं, तुमच्या पुस्तकांत अध्ययन निष्पत्ती छापलेल्या असतात, तुम्ही त्या पाहता कशा? त्या म्हणाल्या, "अगं, मूल वाचतं तेव्हा त्याच्या ओठांकडे बघते. पुढचा शब्द वाचायच्या आधीच ओठ हलले तर ते पाठ केलेलं असतं. मग मी पान उलटून दुसरा उतारा देते." पदवीच्या वर्गात आम्ही हे पान उलटायला का घाबरतो, असा प्रश्न मला दिवसभर पडला होता. एका मुलामागे दोन मिनिटं लागतात हे उत्तर पुरेसं नाही. प्रात्यक्षिकाच्या दोन श्रेयांकांना साठ तास असतात. बॅचमध्ये पंचवीसेक मुलं धरली तरी प्रत्येकाला सत्रात दोनदा पाहणं सहज जमतं.

शुक्रवार, २१ मार्च

दुसऱ्या सत्राची तपासणी. या वेळी पोटॅशियम परमँगनेट. ६६ मुलं बसली. एक आयटीआयला गेला. एका मुलीचं लग्न ठरलं. ती गणिताच्या ओळीत पहिली होती. तिच्या वडिलांशी दोनदा बोलले. पुढच्या वर्षी नाव घालू म्हणाले आहेत. मी जूनमध्ये पुन्हा जाणार.

परमँगनेटचं द्रावण गडद, त्यामुळे वरचा मेनिस्कस वाचावा लागतो. ऑक्झॅलिक ॲसिड आधी ६०-७० अंशांपर्यंत गरम करावं लागतं, नाहीतर रंग जायला वेळ लागतो आणि मूल एंड पॉइंट आला समजून थांबतं. काही मुलं थांबलीच. त्यातल्या एकीने शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'पहिलं रीडिंग ३.२ आलं, फारच कमी. फ्लास्क थंड होता. हे धरू नये. पुन्हा घेतलं.' आणि ३.२ तसंच ठेवलं, खोडलं नाही.

साठ टक्क्यांच्या वर ४५. म्हणजे ६८ टक्के. पातळी २. निष्कर्षाची ओळ अजून कच्ची आहे, पण शून्यावरची मुलं फार थोडी उरली.

मंगळवार, १५ एप्रिल

नॅकच्या नमुन्यातला २.६, म्हणजे विद्यार्थ्यांची कामगिरी आणि निष्पत्ती, भरायची बैठक. आमच्या प्रात्यक्षिकाच्या पेपरपुढे गेल्या वर्षी ३, यंदा पहिल्या सत्रात १, दुसऱ्यात २. समन्वयकांची काळजी खरी आहे. त्यांना सगळ्या महाविद्यालयाचा विचार करायचा असतो. ते म्हणाले, "मॅडम, बाहेरून बघणाऱ्याला घसरण दिसेल." मी चार ओळींचा तक्ता, मुलांच्या सहा वह्या आणि दोघा परीक्षकांनी स्वतंत्र भरलेले कागद त्यांच्यासमोर ठेवले. म्हटलं, बाहेरच्यांना हे दाखवू. १ का आला, मग आम्ही गणिताचे जादा तास कधी घेतले, २ कसा झाला, हे सगळं यात आहे. गेल्या वर्षीच्या ३ च्या मागे दाखवायला आपल्याकडे काय आहे?

प्राचार्यांनी वह्या उलटून पाहिल्या. ३.२ च्या शेऱ्यापाशी थांबले. म्हणाले, "हा आकडा असाच जाऊ द्या." मला फार हायसं वाटलं.

बैठकीनंतर इतिहासाचे सर थांबले. त्यांचा प्रश्न रास्त होता : त्यांच्याकडे ब्युरेट नाही, त्यांनी काय पाहायचं? तासभर बोललो. शेवटी त्यांनीच सुचवलं की १९७२ च्या दुष्काळातलं, वर्गात कधी न दाखवलेलं एक वर्तमानपत्राचं कात्रण द्यायचं आणि दोनच प्रश्न विचारायचे : यावरून काय सांगता येतं, आणि काय सांगता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी शून्य ते तीन म्हणजे काय, हे आम्ही मे महिन्यात बसून लिहिणार आहोत. मराठीच्या मॅडमनाही बोलवायचं ठरलंय. त्यांच्याकडे न शिकवलेल्या उताऱ्याचा प्रश्न आधीपासून आहे. तो कसा तपासतात, ते आम्हालाच त्यांच्याकडून शिकावं लागेल.

मामांना ब्युरेटची यादी दिली. बारा गळतात, जूनच्या आधी बदलायला हव्यात. गळक्या ब्युरेटवर प्रामाणिक नोंद मागणं बरं नाही.